शून्यावर न थांबलेले दाजी

अर्थशास्त्रात जावई कुठेच येत नाही. पुढे आयुष्यभर मी अकरावी-बारावीच्या मुलांना हाच विषय शिकवला, म्हणून खात्रीने सांगते. ग्राहक येतो, उत्पादक येतो, जमीन येते, श्रम येतात, उद्योजक तर दर दोन धड्यांनी डोकावतो. पण पाटावर बसलेला, टोपी सावरत समोरच्या ताटाकडे जरा संशयानेच पाहणारा नवा जावई मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही. आमच्या ओसरीवर मात्र तो एकदा सापडला होता, आणि माझं कॉलेज वाचलं ते त्याच्यामुळे. तो जावई म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. या माघात ते गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहीन लिहीन म्हणते आहे, पण रोज दोन-चार ओळींपुढे हात जात नाही. गेलेल्या माणसाविषयी गंभीरपणे लिहावं असा शिरस्ता आहे. दाजींविषयी गंभीर व्हायला बसलं, की दाजीच मध्ये येऊन हसतात.

आमचं गाव प्रवरेच्या अंगाचं, संगमनेरपासून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर. घर म्हणजे पुढे ओसरी, मग माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि परसात म्हैस. पहाटे जाग यायची ती मळ्यातल्या इंजिनाच्या फटफटीने. त्यात आईच्या फुंकणीचा आवाज मिसळायचा, म्हशीच्या साखळीचा, आणि आप्पांच्या रेडिओचा. आमचे वडील आप्पा रेडिओशी बोलायचे. त्यातल्या माणसाने कांद्याची रोपं अमुक अंतरावर लावा म्हटलं, की आप्पा दात घासता घासता म्हणायचे, "तू ये लावायला, मंग बघू." माणसांशी बोलायला त्यांना इतके शब्द लागत नसत. मी त्यांच्यावर गेले. घरात मी आहे की नाही हे आईला विचारावं लागे. सापडले तर कणगीमागे पुस्तक घेऊन सापडे. अक्काचं उलटं होतं. ती घरात असली की भांडीसुद्धा जास्त वाजायची.

मॅट्रिकला बरे मार्क पडले आणि मी संगमनेरच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला गेले. अर्थशास्त्र मी निवडलं नव्हतं. कला शाखेच्या फॉर्मवर ते आधीच छापलेलं होतं. शिकवायला सर होते ते नाशिकचे, तरुण, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेले. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम त्यांनी फार मन लावून शिकवला. एकच वस्तू माणूस लागोपाठ घेत गेला, की दर पुढच्या नगाचं समाधान आधीच्या नगापेक्षा कमी होत जातं. होता होता ते शून्यावर येतं. त्याच्याही पुढे गेलं तर समाधानाऐवजी त्रास सुरू होतो. म्हणून शहाणा ग्राहक शून्यावर थांबतो.

"समजा, तुम्ही संत्री खाताय," सर म्हणाले.

"सर, आम्ही ऊस खातो," मागच्या बाकावरून आवाज आला.

"बरं, ऊस समजा. पहिलं कांडं गोड लागेल. दुसरं जरा कमी..."

"कारखान्याच्या गाडीमागं पळून उपसलेला असंल तर न्हाई कमी होत, सर."

"का?"

"फुकटचा असतो."

सगळा वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला आणि तेही हसले. त्या हशात मला कसा कुणास ठाऊक धीर आला आणि कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच मी उभी राहिले. म्हटलं, "सर, शून्यावर थांबवतं कोण?"

"ग्राहक स्वतःच थांबतो."

"आणि वाढणारा थांबला नाही तर?"

पुन्हा हशा झाला. या वेळी सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरच्या उतरत्या रेषेवर बोट ठेवलं. म्हणाले, "पुस्तकात वाढणारा नाही, हे खरं. तुमच्याकडे पंगती होतात. एकदा नीट बघा, आणि काय दिसलं ते वर्गात सांगा." मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. शेजारी बसणाऱ्या रूथने माझ्या कोपराला कोपर लावलं. रूथ माझी संगमनेरातली एकुलती मैत्रीण. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरात हार्मोनियम होतं आणि तिच्या जिभेला धार होती. "शैला," ती कुजबुजली, "जेवणारा माणूस कोण आहे तुमच्याकडे?"

माणूस होता. अक्काचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, देवळाली प्रवरेला. दाजी तिथल्या साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. सायकलवरून शेतोशेती हिंडून उसाच्या नोंदी घ्यायचे. लग्नानंतरचा पहिला आखाड म्हणून अक्का माहेरी आली, आणि त्या वर्षी आखाड संपतो न संपतो तोच अधिक महिना लागला. अधिकाला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, धोंडे जेवू घालायचे, वर अनारशांचं वाण द्यायचं. पहिलाच धोंडा, म्हणून आईने अक्काला ठेवून घेतली. जावई येईल, जेवेल आणि मग बायकोला घेऊन जाईल असं ठरलं. यात अक्काला किंवा दाजींना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

याच सुमाराला तात्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. तात्या म्हणजे आप्पांचे थोरले चुलतभाऊ. शेजारीच राहायचे, आणि आमच्या चुलीवर काय शिजतंय ते आईच्या आधी त्यांना कळायचं. मुलगा पारनेरकडचा, स्वतःचा टेम्पो असलेला. दिवाळीनंतर उरकून टाकू असं तात्यांचं म्हणणं. एका संध्याकाळी ओसरीवर त्यांचं बोलणं चाललं होतं आणि मी कणगीमागे होते.

"शिकून काय करनार हाय ती? पुस्तकात त्वांड खुपसून बसती. सासरी गेल्यावर भाकरी करपली तर नवरा काय पुस्तक खाईल?"

"हुशार हाय पोरगी, तात्या."

"हुशार हाय म्हनूनच सांगतोय. अजून शिकली तर ह्या तालुक्यात हिला नवरा न्हाई मिळायचा."

आप्पांनी रेडिओचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पाव्हन्यांच्या कानावर घालू. ते शिकल्याले हायेत. धोंडं जेवायला येत्याल तवा इचारू. ते म्हनत्याल तसं करू."

झालं. माझं कॉलेज दाजींच्या एका शब्दावर आलं, आणि दाजींशी मी तोवर एक वाक्यसुद्धा बोलले नव्हते. आईने मला पाणी भरताना गाठलं आणि बजावलं, "पाव्हनं खूश ऱ्हायलं पायजेत त्या दिवशी. कायबी कमी पडाया नगं. व्हय की न्हाई?" मी मान हलवली. खूश करण्याचा मार्ग तिच्या मते एकच होता, आणि तो घशातून जात होता.

रूथला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले. "म्हणजे दोन्ही कामं एकत्रच होतील. तू वाढत राहा, दाजी खूश होत राहतील. मी चेहरा बघून माप घेते. नियम खरा निघाला तर सरांना सांगू, खोटा निघाला तर मग काय विचारूच नकोस." आज मी कुणा विद्यार्थ्याला असा प्रयोग करू दिला नसता. पण त्या वयात एखादी गोष्ट दोन कारणांनी करण्यासारखी असली, की ती न करण्याची कारणं दिसत नाहीत.

तो दिवस रविवारचा होता. रूथ सकाळच्या एसटीने आली, थेट चर्चमधून, आईसाठी पाव घेऊन. आईने तिला विचारलं, "तुमच्यात असतो का गं धोंड्याचा महिना?"

"नाही मावशी. आमच्यात जावई बाराही महिने खातात."

आई तोंडाला पदर लावून हसली आणि कटाच्या आमटीला येसूर लावायला गेली. तो वास अजून माझ्या नाकात आहे. भाजलेल्या बाजरीचा, मिऱ्याचा, खोबऱ्याचा. तळलेल्या कुरडया परातीत ढीग लावून ठेवल्या होत्या. एका चुलीवर आमटी रटरटत होती आणि दुसऱ्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यावर चाळण, चाळणीत धोंडे. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: गव्हाच्या कणकेत पुरण भरून, चपटे गोळे करून ते वाफवतात. वरून तूप ओततात. ओततात म्हणजे खरंच ओततात. चमच्याने घातलेलं तूप जावयाला दाखवायचंसुद्धा नसतं. एक धोंडा म्हणजे साध्या माणसाचं अर्धं जेवण. चुलीजवळ अक्का बसली होती. हिरवी चोळी, नाकात नथ, कपाळावर घाम. एरवी दिवसभर बडबडणारी माझी बहीण त्या दिवशी विलक्षण गप्प होती. मला वाटलं, धुराने असेल.

दाजी सायकलवर आले. पांढरं धोतर चेनमध्ये अडकू नये म्हणून वर खोचलेलं. उतरताच त्यांनी ते घाईघाईने खाली सोडलं आणि एकदा घराच्या दारातून आत पाहिलं. मी पायावर घालायला पाणी नेलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं. गूळपाणी नेलं तेव्हाही माझ्या पाठीमागेच. मला वाटलं, माणूस भुकेला आहे.

पंगत ओसरीवर बसली. मधोमध दाजी, एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला तात्या, पुढे भावकीतले दोघे-तिघे. ताटाभोवती रांगोळी काढलेली, उदबत्ती केळ्यात खोचलेली. रूथ आत माजघराच्या खिडकीशी बसली. तिथून तिला दाजींचा चेहरा अगदी समोर दिसायचा. तिच्या ओच्यात चिंचोके होते. आमचं ठरलं होतं असं: चेहरा फुलला की मूठभर, नुसता बरा असला की दोन-चार, कंटाळला की एक, आणि त्रासला की काहीच नाही. प्रत्येक धोंड्याची वेगळी ढिगली खिडकीच्या फळीवर मांडायची. आई नव्या जावयासमोर येत नव्हती, तेव्हा वाढायला मी एकटीच. रूथने वाढायला आईची ना नव्हती, पण पंगतीत तात्या बसले होते. त्याविषयी एवढंच लिहून पुढे जाते.

पहिला धोंडा गेला, मूठभर चिंचोके. दुसरा गेला, त्याहून थोडे कमी. तिसऱ्याला दाजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि खिडकीतली ढिगली फारच छोटी झाली. माझी छाती आनंदाने भरून आली. सरांचा नियम आमच्या ओसरीवर चालत होता! फळ्यावरची रेषा मला डोळ्यांनी उतरताना दिसत होती.

"वाढ की," तात्या म्हणाले. "पाव्हनं लाजत्यात."

"बास आता," दाजी म्हणाले.

"आरं, बास कसं? आमच्या टायमाला जावई उठायचा न्हाई, त्याला उचलून न्यावा लागायचा."

दाजींनी ताटावर हात आडवा धरला. मी रिवाजाप्रमाणे हात बाजूला होण्याची वाट पाहत उभी राहिले. इथे सरांचा शहाणा ग्राहक उठून हात धुवायला गेला असता. दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीमागे पाहिलं, आणि सावकाश हात मागे घेतला. "वाढा," ते म्हणाले.

तिथून पुढे नियम बिघडला. दाजींना घाम सुटला, कपाळावरची गंधाची रेघ ओघळून नाकापर्यंत आली, तरी ते खात होते. घास घेताना डोळे मिटत होते, गिळल्यावर उघडत होते, आणि उघडले की पुन्हा तसंच लांब कुठेतरी पाहत होते. भावकीतले दोघे जेवून हात धुऊन आले. आप्पांनी आपलं ताट केव्हाच पूर्ण केलं होतं, पण जावई उठल्याशिवाय उठायचं नाही म्हणून रिकाम्या ताटात बोट फिरवत बसले होते. एकूण किती धोंडे झाले ते मी लिहिणार नाही. अक्काने शपथ घातली आहे. मी आत आले तर रूथ गोंधळून गेली होती.

"शैला, फळी रिकामी आहे. मघापासून एकही चिंचोका ठेवला नाही मी. हा माणूस शून्याच्या खाली जाऊन राहतोय."

"मग उठत का नाहीत?"

"मला काय विचारतेस? तुमचा जावई."

दाजी खूश असायला हवे होते आणि ते तर हाल सोसत होते. जेवण झालं की आप्पा माझा विषय काढणार. आणि ज्या पोरीने आपल्याला जीव जाईस्तोवर वाढलं, तिच्याविषयी हा माणूस काय बोलणार? घाला पारनेरला, असंच म्हणणार की. मी होतेच त्या लायकीची. वाढू नये तर आई रागावणार, वाढावं तर कॉलेज जाणार. तुपाची तपेली हातात धरून मी माजघरात नुसती उभी राहिले.

रूथ मात्र खिडकीतून अजून बघतच होती. माझ्यापेक्षा तिला एक गोष्ट चांगली यायची. तिला माणसं वाचता यायची. ती हळूच म्हणाली, "शैला, ते तुझ्या पाठीमागे काय बघतात गं? तू बाहेर गेलीस की दर वेळी बघतात. तू नसतानाही तिकडेच बघतात."

आम्ही दोघींनी मागे पाहिलं. मागे स्वयंपाकघराचं दार होतं. दारातून चुलीचा उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात अक्काच्या हिरव्या चोळीची बाही.

एखादं गणित सुटतं तेव्हा आधी हसू येतं, मागून उत्तर येतं. दाजी भुकेले नव्हतेच. लग्न होऊन बायको पुरते दोन महिने घरी नांदली नाही तोवर आखाडाला माहेरी गेली, आणि हा माणूस इतके दिवस उसाच्या नोंदी घेत तिची वाट बघत होता. पंगत चालू आहे तोवर ती वाढायला बाहेर येण्याची शक्यता आहे. एकदा हात धुतले की पुरुषमंडळी विडा घेऊन बसणार, मग निघेपर्यंत तिचा पदरही दिसायचा नाही. हात आडवा धरायचा तो खरा होता, आणि मागे घ्यायचा तोही खरा होता. आणि आम्ही तो प्रत्येक धोंडा माझ्या तुपाच्या खाती जमा करत होतो!

"अक्काला बाहेर काढ," रूथ म्हणाली.

"आप्पांसमोर ती नवऱ्याला वाढणार नाही. लाजेल. आईसुद्धा पाठवायची नाही."

"मग तुझ्या हाताला चटका बसलाय," रूथ म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत मोठ्याने ओरडली, "मावशी! शैलाच्या हाताला चटका बसला!"

मी तपेली न सोडता तोच हात झटकत, तोंड वाकडं करत स्वयंपाकघरात शिरले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे माझा चेहरा भाजल्यासारखाच झाला असावा. आईने हात पाण्यात घातला. बाहेरून तात्यांची हाक आली, "आगं, तूप आना! पाव्हनं कोरडं खात्यात!" आईने इकडेतिकडे पाहिलं. वाढायला उरलं होतं कोण? अक्का उठली, पदर डोक्यावर घेतला, नथ सरळ केली, आणि तपेली उचलून बाहेर गेली. मी आणि रूथ खिडकीला चिकटलो.

अक्काने पानात एक धोंडा ठेवला आणि खाली बघत तूप ओतायला लागली. ते धोंड्यावरून उतरून ताटभर पसरलं, आमटीच्या वाटीला जाऊन भिडलं, तरी ती ओततच होती आणि दाजी काही बास म्हणत नव्हते. दोघांपैकी एकाचंही तुपाकडे लक्ष नव्हतं. शेवटी आप्पा खाकरले. अक्का लगबगीने आत आली. दाजींनी तो धोंडा चवीने, सावकाश, शेवटचा कणसुद्धा न ठेवता खाल्ला, मग दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि म्हणाले, "आता खरंच बास."

रूथने ओच्यातले उरलेले सगळे चिंचोके फळीवर ओतले.

पुढचा भाग ओसरीवर झाला. दाजींना ताठ बसता येत नव्हतं; ते तक्क्याला रेलून विडा हातात धरून होते, तोंडात घालायला जागा नव्हती. मी तबक घेऊन उभी होते. आप्पांनी घसा साफ केला. "पाव्हनं, येक इचारायचं हुतं. धाकटीचं. तात्यांनी स्थळ आनलंय. पुढं शिकवावी का उजवून टाकावी? तुमी शिकल्यालं मानूस. तुमी सांगा."

"पोरगा निर्व्यसनी हाय," तात्यांनी लगेच जोड दिली. "टेम्पो हाय."

दाजींनी विडा माझ्या तबकात परत ठेवला. मग म्हणाले, "मामा, आधी मला मेव्हणीबाईंना एक विचारायचं हाय. माजघराच्या खिडकीत चिंचोके कशाचे मांडले हुते?"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ती रूथ असणार. आप्पा माझ्याकडे बघत होते, तात्या बघत होते. पळून जायला कणगी फार लांब होती. मी जमिनीकडे बघत, वर्गात धडा म्हणावा तसा, नियम सांगितला. नग, समाधान, उतरती रेषा, शून्य, शहाणा ग्राहक, सगळं.

"म्हंजी?" तात्यांचे डोळे मोठे झाले. "पोरीनं जावयाला माप लावलं?"

आप्पांचा चेहरा असा झाला की तो मला पुन्हा कधी बघावा लागला नाही, हे माझं नशीब. पण दाजींनी हात वर केला. "थांबा, मामा. मग निष्कर्ष काय निघाला, मेव्हणीबाई? मी शून्यावर थांबलो का न्हाई?"

मी मान वर केली. दाजींच्या तोंडावर प्रश्न होता, पण डोळ्यांत विनवणी होती. सासऱ्यासमोर, चुलत सासऱ्यासमोर, नव्या जावयाची सगळी अब्रू त्या क्षणी माझ्या जिभेवर होती. दाजी, तुम्ही का खात होतात ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. इतका श्रीमंत क्षण माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही.

"निष्कर्ष अजून निघायचा आहे, दाजी," मी म्हटलं. "बारावीला निघेल."

दाजींना जोराचा ठसका लागला. आप्पांनी पाठ चोळली, तात्यांनी पाणी दिलं. ठसका थांबल्यावर डोळे पुसत दाजी म्हणाले, "मामा, होऊ द्या हिची बारावी. प्रयोग अर्धा ऱ्हायला तर मी हे सगळं उगंच खाल्लं असं व्हईल."

"तुमी म्हनता तर..." आप्पा म्हणाले.

"आन् पारनेरकरांला काय सांगू मी?" तात्या म्हणाले.

"सांगा," दाजी म्हणाले, "पोरगी वाढती झकास, पर थांबत न्हाई. दोन महिन्यांत घरातली कणगी रिकामी करील."

आप्पा हसले. रेडिओशिवाय दुसऱ्या कुणामुळे ते हसलेले मी फार क्वचित पाहिले आहेत. संध्याकाळी दाजी अक्काला घेऊन निघाले. सायकलवर बसण्याच्या अवस्थेत ते नव्हते. तेव्हा सायकल हातात धरून, अनारशांचं वाण हँडलला अडकवून, दोघं फाट्यापर्यंत चालत गेले. सायकल एसटीच्या टपावर चढवतानाही त्यांना कुणीतरी मदत केली म्हणे.

सरांना मी सगळं सांगितलं, फक्त माणसांची नावं गाळली. ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. मग वर्गाला म्हणाले, "नियम मोडला नाही. नियमाला एक अट असते. सगळे नग अगदी सारखे हवेत. इथे शेवटचा नग वेगळा होता." वर्गाला काही कळलं नाही. मी आणि रूथ बाकावर डोकं टेकून हसत होतो. पुढे दरवर्षी या धड्याला आलं, की ही अट मी मुलांना जरा जास्तच वेळ घेऊन समजावत असे. त्यांना वाटायचं, परीक्षेला येणार आहे.

यंदा पुन्हा अधिक आला. मी थोडे दिवस देवळालीला अक्काकडे जाऊन राहिले. घरात वर्षभर सण धरायचा नाही, म्हणून तिच्या लेकीने काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. पण एके दुपारी मी पडवीत वाचत बसले असताना आतून वाफेचा वास आला. जाऊन पाहिलं तर अक्का चुलीपाशी बसावं तशी गॅसपाशी स्टुलावर बसली होती आणि चाळणीत थोडे धोंडे होते.

"सण न्हाई धरायचा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "खाऊ नगं असं कुनी म्हनलंय?"

आम्ही दोघी जेवायला बसलो. भिंतीवर दाजींचा फोटो आहे, टोपी घातलेला, हसू दाबून धरलेला. एक धोंडा मी कसाबसा संपवला आणि ताटावर हात आडवा धरला. अक्काने तपेली तशीच हातात धरली. फोटोकडे बघत तिने विचारलं, "शैले, त्या दिवशी तुझ्या हाताला चटका न्हवताच ना बसला?"

"तुला कधी कळलं?"

"तवाच. चटका बसलेल्या हातात तू तपेली धरली हुतीस."

मी हसले. म्हटलं, "काय करणार? आप्पांसमोर तुला कुणी बाहेर पाठवलं नसतं, आणि तू लाजून आली नसतीस. तिकडे दाजी मरायला टेकले होते."

"लाजून?" अक्का म्हणाली. "आई मला तिसऱ्या धोंड्यापासनं म्हनत हुती, जा, येकदा वाढून ये, काय हुत न्हाई. मीच न्हाई गेले."

"का?"

दाजी गेल्यापासून तिच्या तोंडावर न दिसलेलं काहीतरी हळूहळू तिथे आलं. नथ गेली होती, दात गेले होते, पण ते हिरव्या चोळीतलंच होतं.

"बघत हुते," ती म्हणाली. "माझ्यापायी किती खात्यात ते."

आणि मी हात बाजूला घ्यायच्या आत तिने दुसरा धोंडा माझ्या पानात ठेवला आणि वरून तूप ओतायला लागली.